उद्योगाच्या नावाने सही कोण करणार?

कामगार संघटना का खचल्या, यावर गेली चाळीस वर्षं सतत लिहिलं जात आहे. सभासद घटले, कारखाने उठून दुसरीकडे गेले, कंत्राटी पद्धत आली, तरुणांना युनियनचं आकर्षण उरलं नाही. यातलं बरंचसं खरं आहे. पण करार दोन बाजूंचा असतो, आणि दुसऱ्या बाजूचं काय झालं हे फारसं कुणी विचारत नाही. एखाद्या उद्योगातल्या सगळ्या कामगारांसाठी एकच वेतन करार व्हायचा असेल, तर तिथल्या मालकांच्या वतीने कुणाला तरी समोर बसावं लागतं, आकडा मान्य करावा लागतो, सही करावी लागते आणि परत जाऊन आपल्याच सभासदांना ‘हे आता पाळायचं’ असं बजवावं लागतं. हे काम करणाऱ्या मालक संघटना गेल्या काही दशकांत एकामागून एक त्या खुर्चीवरून उठल्या. उद्योगव्यापी करार मावळले ते मुख्यतः त्यामुळे, असं माझं मत आहे. म्हणूनच नुसत्या युनियन बळकट करून ते परत येणार नाहीत.

युनियन दुबळ्या झाल्या म्हणून करार संपले, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. ऑस्ट्रियात साधारण पाव कामगार युनियनचे सभासद आहेत, तरी ९५ टक्क्यांहून जास्त कामगारांना सामूहिक करार लागू आहेत. कारण तिथे बहुतेक कंपन्यांना कायद्यानेच आर्थिक चेंबर या व्यापार-उद्योगांच्या संस्थेचं सभासद व्हावं लागतं, आणि बहुतेक करारांवर मालकांच्या बाजूने हे चेंबरच सही करतं. मालकाला बाहेर पडायला वाटच नाही. स्लोव्हेनियातही अशीच सक्ती होती. २००६ मध्ये ती उठली आणि तोवर जवळपास सर्वांना लागू असलेल्या करारांची व्याप्ती नंतर उतरत गेली. फ्रान्समध्ये दहातला एक कामगार युनियनमध्ये असतो, पण करार लागू असतो दहातल्या नऊंहून अधिक जणांना, कारण १९३६ च्या कायद्यापासून सरकार एखाद्या उद्योगातला करार त्या उद्योगातल्या सगळ्या मालकांवर बंधनकारक करू शकतं. उलट जिथे मालकांना बांधणारं काही उरलं नाही, तिथे व्याप्ती कोसळली. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबानुसार तिच्या सभासद देशांतले ४५ टक्के कामगार १९८५ साली सामूहिक करारांखाली होते. २०१७ पर्यंत ते प्रमाण ३२ टक्क्यांवर आलं. या घसरणीत युनियनच्या ओहोटीचा वाटा आहे. पण कुठला देश सावरला आणि कुठला कोसळला, याचं उत्तर शोधायचं तर मालक एकमेकांशी किती बांधलेले आहेत तेच पाहावं लागतं.

आज विसरली गेलेली गोष्ट अशी की ही व्यवस्था उभी करण्यात मालकांचा हात कामगारांइतकाच होता. डेन्मार्कमध्ये १८९९ च्या वसंतात जटलंडमधल्या काही गावांतल्या सुतार कामगारांनी संप केला. मालकांच्या मध्यवर्ती संघटनेने उत्तर म्हणून देशभर टाळेबंदी पुकारली आणि सुमारे ४०,००० कामगार महिनोन्‌महिने कामाबाहेर राहिले. युनियन मोडावी एवढाच हेतू असता तर भांडण समझोत्यावर थांबलं नसतं. ५ सप्टेंबरला जो समझोता झाला, त्यात मालकांनी युनियनच्या मध्यवर्ती संस्थेला मान्यता दिली, काम कसं चालवायचं हा मालकाचा अधिकार युनियनने मान्य केला, आणि संप व टाळेबंदी दोन्हींसाठी पूर्वसूचनेचे नियम ठरले. मालकांना समोर जबाबदार माणूस हवा होता. एका गावातल्या वीस सुतारांशी आज, दुसऱ्या गावातल्या तीस जणांशी उद्या भांडत बसण्यापेक्षा सगळ्यांच्या वतीने बोलणारा आणि दिलेला शब्द पाळायला लावणारा पक्ष त्यांना सोयीचा वाटला.

स्वीडनमध्ये मालकांची संघटना १९०२ साली स्थापन झाली आणि तिने तर आपल्याच सभासदांवर आधी लगाम घातला. मध्यवर्ती संमतीशिवाय कुठल्याही सभासदाने युनियनशी करार करायचा नाही, टाळेबंदीचा आदेश मोडला तर दंड भरायचा. १९०६ मध्ये तिने कामगारांच्या मध्यवर्ती संस्थेशी तडजोड केली. संघटनेचा हक्क एका बाजूने मान्य झाला, कामावर घेण्याचा आणि काढण्याचा हक्क दुसऱ्या बाजूने. या दोन मध्यवर्ती संस्थांमधल्या १९३८ च्या साल्टशोबाडेन करारावर पुढे जगभर कौतुकाने बोललं गेलं, पण त्याच्या मुळाशी हा तीस-पस्तीस वर्षांचा खटाटोप होता. ब्रिटनमध्येही इंजिनीअरिंग मालकांनी १८९६ मध्ये संघ काढला, पुढल्याच वर्षी आठ तासांच्या मागणीवरून टाळेबंदी केली, ती जानेवारी १८९८ पर्यंत चालवली आणि जिंकलीही. जिंकल्यावर मात्र युनियन मोडीत न काढता तिच्याशी राष्ट्रीय पातळीवर तंटे सोडवण्याची पद्धत घालून दिली.

मालकांनी हे प्रेमापोटी केलं नाही. त्यात त्यांचा रोकडा हिशेब होता. सगळ्यांना सारखं वेतन द्यावं लागत असेल तर पगार कापून माल स्वस्त विकणारा शेजारी उरत नाही. मग स्पर्धा होते ती यंत्रांवर, कामाच्या मांडणीवर, मालाच्या दर्जावर. कुशल कामगार पळवण्यासाठी बोली लावत बसावं लागत नाही. कराराच्या मुदतीत संप होत नाहीत, त्यामुळे ऑर्डर घेताना तारखेचा शब्द देता येतो. आणि भांडण उद्योगाच्या पातळीवर झालं की कारखान्याच्या आत पर्यवेक्षक आणि कामगार रोज एकमेकांचा गळा धरत नाहीत. स्वीडिश युनियनचे अर्थतज्ज्ञ योस्टा रेन आणि रुडॉल्फ मेइडनर यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या धोरणाचा गाभा हाच होता. कंपनीला नफा किती होतो यावर वेतन ठरू नये, काम कोणतं आहे यावर ठरावं. ज्याला ते वेतन परवडत नाही त्याने धंदा सुधारावा किंवा बंद करावा, आणि तिथल्या कामगाराला नवं काम शिकवायची जबाबदारी सरकारने घ्यावी. निर्यात करणाऱ्या कार्यक्षम कंपन्यांना या धोरणाचा मोठा फायदा झाला. युनियननेच मागितलेली समान वेतनाची शिस्त सर्वांत जास्त पथ्यावर पडली ती चांगल्या मालकांच्या, हे आजच्या उद्योगपतींना कुणीतरी पुन्हा सांगायला हवं.

मग हे मालक उठले कशामुळे?

स्वीडनमध्ये १९८३ साली इंजिनीअरिंग मालकांनी मध्यवर्ती बोलणी सोडून धातुकामगारांच्या युनियनशी वेगळा करार केला. १९९० मध्ये मालकांच्या मध्यवर्ती संघटनेने आपला वाटाघाटींचा विभागच बंद केला. ब्रिटनमधल्या त्याच जुन्या इंजिनीअरिंग मालक संघाने १९८९ मध्ये, कामाचे तास कमी करण्याची मोहीम ऐन भरात असताना, राष्ट्रीय करारातून अंग काढून घेतलं. आज ही संस्था ‘मेक यूके’ या नावाने चालते. ती सल्ला देते, प्रशिक्षण देते, सरकारकडे उद्योगाची बाजू मांडते. वेतनाचा करार तिच्या कामातून गेला, बाकी सगळं राहिलं. इटलीत फियाटने १ जानेवारी २०१२ पासून मालकांच्या राष्ट्रीय महासंघाला रामराम ठोकला, कारण महासंघाच्या करारांच्या चौकटीत राहणं तिला नको होतं. देशातला सर्वांत नावाजलेला खासगी कारखानदार बाहेर पडल्यावर आत राहिलेल्यांनी काय समजायचं?

जागतिक स्पर्धा हे याचं नेहमी दिलं जाणारं कारण. ते मला पुरेसं वाटत नाही. डेन्मार्क, स्वीडन, ऑस्ट्रिया हे देश जगाच्या बाजाराला ब्रिटनपेक्षा कमी उघडे नाहीत. खरं कारण मालकांच्या आपसातल्या नात्यात आहे, आणि ते सर्वांत स्पष्ट दिसतं जर्मनीच्या धातू उद्योगात.

बाडेन-व्युर्टेमबर्गमधला मोटारींचे सुटे भाग बनवणारा, दोनशे कामगारांचा एखादा कौटुंबिक कारखाना डोळ्यांसमोर आणा. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे एक बडी मोटार कंपनी. माल साठवायचा नाही, लागेल त्या तासाला पोचवायचा, ही पद्धत १९८० नंतर रुजली. त्यामुळे मोठ्या कंपनीला संपाची धास्ती वाढली. एका पुरवठादाराकडे काम थांबलं तरी जोडणीची सगळी रांग थांबते. म्हणून मालक संघात वजन असणाऱ्या बड्या कंपन्या टाळेबंदीला तयार होत नाहीत, लवकर सही करून मोकळ्या होतात. १९९५ च्या बव्हेरियातल्या संपात हेच झालं, आणि लहान कारखानदार आपल्याच संघटनेवर चिडले. पण खरा घाव पुढे बसतो. तीच बडी कंपनी सही केल्यावर पुरवठादाराला पत्र पाठवते की पुढच्या वर्षी सुट्या भागाची किंमत अमुक टक्क्यांनी कमी हवी. वेतन वाढवायचा निर्णय तिचा आणि किंमत उतरवायचा निर्णयही तिचाच. मधल्या मध्ये दोनशे कामगारांचा मालक दोन्हीकडून चेपला जातो. तो युनियनवर राग काढतो, कारण गिऱ्हाइकावर काढण्याची त्याची टाप नसते.

अशा मालकासाठी जर्मन संघटनांनी नव्वदच्या दशकात एक वाट काढली. संघटनेचं सभासद राहायचं, पण कराराचं बंधन घ्यायचं नाही. कार्यालय तेच, वकील तेच, कामगार न्यायालयात बाजू मांडणारा माणूस तोच. फक्त वेतनाच्या बोलण्यांत मत नाही आणि संपाच्या काळात मदत देणाऱ्या निधीतून पैसा नाही. संघीय कामगार न्यायालयाने २००६ मध्ये या प्रकाराला कायदेशीर ठरवलं. धातू उद्योगाच्या मालक महासंघात आज अशा बंधनमुक्त कंपन्यांची संख्या बांधलेल्या कंपन्यांपेक्षा जास्त आहे. बहुसंख्य कामगार अजून बांधलेल्या कंपन्यांत आहेत, कारण त्या मोठ्या आहेत. पण संघटनेच्या दारातून शिरणारा नवा सभासद कुठल्या यादीत नाव घालतो, यावरून पुढचं चित्र दिसतं.

हे बंधन सुटतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. जर्मन कायद्यानुसार कंपनी संघटनेतून बाहेर पडली तरी चालू करार संपेपर्यंत तिला तो पाळावाच लागतो. मुदत संपल्यावरही जुन्या कामगारांना त्यातल्या अटी लागू राहतात, दुसरी व्यवस्था होईपर्यंत. पण त्यानंतर कामावर घेतलेल्यांना त्या लागू नसतात. म्हणजे एकाच यंत्रावर, एकाच पाळीत दोन माणसं उभी असतात. एकाच्या पगारपत्रकावर जुन्या कराराची श्रेणी, ३५ तासांचा आठवडा, ठरलेला रजा-भत्ता. दुसऱ्याच्या पत्रकावर मालकाने देऊ केलेला आकडा आणि जास्त तास. संप नाही, टाळेबंदी नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही. दहा-पंधरा वर्षांत जुने निवृत्त होतात आणि त्या कारखान्यातून करार निघून गेलेला असतो. १९९८ मध्ये पश्चिम जर्मनीतले सुमारे तीन चतुर्थांश कामगार कुठल्या ना कुठल्या वेतन कराराखाली होते. आज संपूर्ण जर्मनीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे.

उद्योगाची हद्द कुठे संपते, हाही असाच निसटण्याचा मार्ग. अ‍ॅमेझॉनच्या जर्मन गोदामांत २०१३ पासून संप होत आहेत. युनियन म्हणते, माल विकता तर किरकोळ व्यापाराचा करार लावा. कंपनी म्हणते, आम्ही लॉजिस्टिकवाले, म्हणजे मालाची साठवण-वाहतूक करणारे. कॅन्टीन, साफसफाई, पहारा ही कामं बाहेर दिली की तीही मूळ उद्योगाच्या कराराबाहेर जातात, माणसं मात्र त्याच आवारात राबत असतात.

यावर मालकांच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद लवचिकतेचा आहे. प्रत्येक कंपनीची ताकद वेगळी, मग सगळ्यांना एक माप का? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर करारातच देता येतं, आणि ते दिलं गेलं आहे. २००४ मध्ये फोर्ट्सहाइम इथे जर्मन धातू उद्योगाने ठरवलं की अडचणीतल्या कंपनीला रोजगार टिकवण्यासाठी करारापेक्षा कमी अटींवर तात्पुरतं जाता येईल, मात्र युनियनच्या संमतीने आणि हिशेब उघडे करून. कंपनीची खरी स्थिती कागदावर मांडायची, त्या बदल्यात नोकऱ्यांची किंवा गुंतवणुकीची हमी द्यायची. मला हा रस्ता प्रामाणिक वाटतो. बंधनमुक्त सभासदत्वात यातलं काहीच करावं लागत नाही. ज्याला अडचण आहे त्याच्यासाठी वाट असताना, ज्याला अडचण नाही त्यालाही सूट मिळते. तिला लवचिकता म्हणायला माझी तयारी नाही.

विकेंद्रीकरणाचा पुरस्कार ओईसीडीनेच १९९४ मध्ये केला होता. वेतन कंपनीच्या पातळीवर ठरलं तर रोजगार वाढेल, असा तेव्हाचा सूर. २०१८ च्या तिच्याच रोजगार अहवालाने तो बराच बदलला. जिथे वेतनाच्या बोलण्यांत उद्योगांमध्ये आणि उद्योगांच्या आत समन्वय आहे, तिथे पूर्णपणे विखुरलेल्या व्यवस्थांपेक्षा रोजगार जास्त आणि वेतनातली विषमता कमी, असं त्यात नोंदलं आहे. पंचवीस वर्षांत अनेक देशांनी ज्या सल्ल्यावर आपल्या संस्था मोडल्या, तो सल्ला देणाऱ्यानेच मागे घेतला. मोडलेल्या संस्था मात्र तशाच राहिल्या. जर्मनीला १ जानेवारी २०१५ पासून कायद्याने किमान वेतन आणावं लागलं, तासाला साडेआठ युरो. तोवर हे काम करारच करत होते. किमान वेतनाचा मी विरोधक नाही. पण कायद्यातला एक आकडा कुशल वेल्डर आणि नवशिक्या यांच्यातला फरक ठरवत नाही, रात्रपाळीचा भत्ता ठरवत नाही, शिकाऊ उमेदवाराला तीन वर्षांत काय शिकवायचं ते सांगत नाही. उद्योगाचा करार हे सगळं ठरवतो, आणि तेही तो उद्योग आतून ओळखणाऱ्या माणसांकरवी.

उद्योगव्यापी करारांवरचा एक आक्षेप मात्र मला मनापासून गंभीर वाटतो. दोन जुन्या संघटना बंद दाराआड बसून सगळ्यांचं ठरवणार, आणि ज्यांच्यासाठी ठरतं त्यांचा त्या संघटनांवर विश्वास उरलेला नसेल, तर? मुंबईच्या कापड गिरण्यांत हेच घडलं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन मान्य केली. गिरणी मालकांचा संघ आणि ती युनियन यांच्यात करार व्हायचे, ते सगळ्या गिरण्यांना लागू व्हायचे. पण कामगारांचं मन त्या युनियनपासून कधीच उडालं होतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा मालक संघ आणि सरकार कायद्याकडे बोट दाखवून मान्यताप्राप्त युनियनशिवाय कुणाशी बोलायला तयार झाले नाहीत. बोलणी होण्याजोगा माणूस समोर असताना बोलणी झाली नाहीत. कापड विणण्याचं काम यंत्रमागांकडे, जिथे कुठलाच करार पोचत नव्हता तिथे, आधीच सरकू लागलं होतं. संपाने त्याला वेग दिला. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. यातून मी एवढंच घेतो की प्रतिनिधित्व खरं असावं लागतं, आणि ते कामगारांनी मतदानाने ठरवावं लागतं. उद्योगव्यापी करार नको, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. करार नसलेल्या यंत्रमागांवर कामगारांची स्थिती काय झाली ते पाहिलं तर उलटाच निष्कर्ष निघतो.

भारतात ही व्यवस्था पूर्ण मेलेली नाही. बँकांमध्ये १९ ऑक्टोबर १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून इंडियन बँक्स असोसिएशन मालकांच्या बाजूने सही करत आली आहे. बारावा करार ८ मार्च २०२४ ला झाला, १७ टक्के वाढीचा. त्यामागची रीत बारकाईने पाहिली तर मालक संघटनेची सगळी ताकद कशात असते ते कळतं. बोलणी सुरू होण्याआधी प्रत्येक बँक असोसिएशनला अधिकारपत्र देते की आमच्या वतीने ठरवा, ठरेल ते आम्ही मानू. हे पत्र नसेल तर असोसिएशनचं नाव मोठं असूनही उपयोग नाही. २०१७ च्या फेरीत काही मोठ्या सरकारी बँकांनी अधिकाऱ्यांसाठी तिसऱ्या श्रेणीपर्यंतचंच अधिकारपत्र दिलं आणि वरच्या अधिकाऱ्यांना वगळलं. अधिकाऱ्यांच्या संघटनांनी संपापर्यंत ताणून त्याला विरोध केला, तो अगदी योग्य होता. नव्या पिढीच्या बड्या खासगी बँका तर या पत्रांच्या रांगेत कधी आल्याच नाहीत. त्यांच्या शाखेतला कर्मचारी तेच काम करतो, तीच रिझर्व्ह बँक त्यांचं नियमन करते, पण त्याचा पगार, त्याचे तास, त्याचं टार्गेट कुठल्याही करारात नाही.

मालकांनी समोर बसायचंच नाही असं ठरवलं तर कायदाही हतबल होतो, हे न्यूझीलंडने दाखवलं. १८९४ पासून तिथे उद्योगवार निवाड्यांनी वेतन आणि अटी ठरवण्याची पद्धत होती. १९९१ च्या कायद्याने ती एका फटक्यात मोडली आणि करारांची व्याप्ती कोसळली. तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, न्याय्य वेतन करारांचा कायदा करून उद्योगाच्या पातळीवर बोलणी परत आणायचा प्रयत्न झाला. ज्या क्षेत्रात मालकांची संघटना पुढे येणार नाही, तिथे देशातल्या सर्वांत मोठ्या मालक महासंघाने प्रतिनिधी म्हणून बसावं, अशी मूळ कल्पना होती. महासंघाने ती जबाबदारी नाकारली. त्याच महासंघाने कायद्याविरुद्ध प्रचार केला, सरकारच्या समित्यांवर उद्योगाच्या वतीने मतं मांडली, म्हणजे उद्योगाच्या नावाने बोलायला तो हजर होता. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या सरकारने कायदा रद्द केला, तोवर त्याखाली एकही करार पुरा झालेला नव्हता.

माझा राग आहे तो या दुटप्पीपणावर. करसवलत मागताना, आयात शुल्कावर बोलताना, कामगार कायदे सैल करा म्हणताना संघटना ‘आम्ही हा उद्योग आहोत’ असं सांगतात. वेतनाचा विषय निघाला की त्याच म्हणतात, आम्हाला अधिकार नाही, प्रत्येक सभासद स्वतंत्र आहे. सरकारांनी हे चालवून घेऊ नये. वेतन, प्रशिक्षण, सामाजिक सुरक्षा यांवरच्या त्रिपक्षीय समित्यांवर मालकांच्या बाजूने बसण्याचा मान करारावर सही करणाऱ्या संघटनांनाच असावा. बंधनमुक्त सभासदांची संख्या दाखवून कुणी आपल्या ताकदीचा दावा करू नये.

जर्मनीत एखादा करार सगळ्या उद्योगाला लागू करायचा तर तीन मालक प्रतिनिधी आणि तीन कामगार प्रतिनिधी असलेल्या समितीची मान्यता लागते, आणि समसमान मतं पडली तर अर्ज फेटाळला जातो. त्या उद्योगातल्या मालकांनी स्वतः करार केलेला असतो, अर्जात तेही सामील असतात, तरी समितीवरचे मध्यवर्ती मालक महासंघाचे प्रतिनिधी तो अडवू शकतात. ज्याने सही केली त्याच्या इच्छेवर न केलेल्याचा नकार भारी पडतो. हा नकाराधिकार काढून टाकायला एका दुरुस्तीपेक्षा जास्त काही लागत नाही. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशाने, जिथे करारांची व्याप्ती ८० टक्क्यांहून कमी आहे त्या देशांना ती वाढवण्याचा आराखडा करायला सांगितलं आहे. आराखड्यात युनियनना प्रोत्साहन, संवादाला उत्तेजन अशी वाक्यं सहज बसतील. मालकांना बांधणारं कलम त्यात किती देश घालतात, यावर मी त्यांचा प्रामाणिकपणा मोजीन.

मालक परत येऊ शकत नाहीत, असं मात्र नाही. स्वीडनमध्ये १९९५ च्या गोंधळाच्या वेतन फेरीनंतर निर्यात उद्योगातल्या मालकांनाच कळलं की सगळे सुटे झाले की कुणाच्याच हाती काही राहत नाही. १९९७ मध्ये त्यांनी उद्योगातल्या युनियनबरोबर नवा करार केला. आधी निर्यात उद्योगाने वाढीचा आकडा ठरवायचा, मग बाकीच्यांनी तो पाळायचा. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ खरी वेतनं, म्हणजे महागाई वजा जाता उरणारी, वाढत राहिली. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही, करार सक्तीने लागू करणारं कलम नाही, तरी सुमारे नव्वद टक्के कामगार करारांखाली आहेत. म्हणूनच २०२३ च्या ऑक्टोबरपासून टेस्लाच्या तिथल्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकांचा संप एवढा महत्त्वाचा आहे. कंपनी करारावर सही करायला तयार नाही. बंदरातल्या कामगारांनी तिच्या गाड्या उतरवणं थांबवलं, टपाल कर्मचाऱ्यांनी नंबरप्लेट पोचवणं थांबवलं, वीजतंत्रज्ञांनी दुरुस्ती नाकारली. मोजकेच मेकॅनिक असलेल्या वादासाठी एवढं सगळं कशाला, असं बाहेरून वाटेल. पण एका बड्या कंपनीला बाहेर राहून काहीच तोटा होत नाही असं दिसलं, तर आतल्या प्रत्येक मालकाला आत राहण्याचं कारण शोधावं लागेल.

राहिला तो दोनशे कामगारांचा मालक. त्याला कराराच्या आत ठेवायचं असेल तर उपदेश पुरणार नाही, त्याच्या गिऱ्हाइकाला धरावं लागेल. जर्मन बांधकाम क्षेत्रात उपकंत्राटदाराने किमान वेतन दिलं नाही तर मुख्य कंत्राटदाराकडून ते वसूल करता येतं, आणि ही तरतूद १९९९ पासून चालू आहे. तोच नियम मोटारींच्या सुट्या भागांना लावायला काय हरकत आहे? जी कंपनी उद्योगाच्या वेतन करारावर सही करते, तिने पुरवठादाराला देण्याच्या किमतीत त्या कराराचं वेतन धरलं पाहिजे, आणि पुरवठादाराच्या कामगाराला ते मिळालं नाही तर फरक तिच्याकडून वसूल व्हायला हवा. असं झालं तर बड्या कंपन्यांना आकडा ठरवताना लहान कारखानदाराचा विचार करावा लागेल, आणि लहान कारखानदाराला मालक संघाच्या बैठकीत बोलण्यासारखं काहीतरी असेल.